हजारो गळ्यांसाठी एक चाल

स्वातंत्र्यदिनी किंवा प्रजासत्ताकदिनी एखाद्या शाळेच्या मैदानावर उभे राहून कान दिला, तर एक गोष्ट हमखास लक्षात येते. सुरुवात एका पट्टीत होते, मधल्या ओळींत निम्मी मुले खालच्या स्वरात उतरतात, उंच स्वर आला की आवाज चिरकतात आणि शेवटाकडे मागच्या रांगा अर्धा शब्द मागे पडलेल्या असतात. श्रद्धा कमी पडते म्हणून हे घडत नाही. राष्ट्रगीत ज्यांच्यासाठी असते, त्यातील बहुसंख्य लोक गायक नसतात, हे त्याचे खरे कारण. या साध्या वाटणाऱ्या प्रश्नासाठी आयुष्यातील उमेदीची वर्षे खर्च करणारा एक थोर कलावंत महाराष्ट्रात होऊन गेला. तो म्हणजे मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर.

२० जानेवारी १८९८ रोजी आळंदी येथे जन्मलेले कृष्णराव लहानपणीच रंगभूमीवर आले. पुढे गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. गंधर्व नाटक मंडळीत त्यांनी बालगंधर्वांसमवेत भूमिका केल्या आणि नाटकांना चालीही दिल्या. १९२२मध्ये बुवांचे निधन झाल्यावर त्यांच्या परंपरेचा एक प्रमुख वारसदार म्हणून रसिक मास्तरांकडे पाहू लागले. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’, ‘अमरज्योती’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’ आणि ‘शेजारी’ या चित्रपटांच्या संगीताने त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. मैफल गाजवणारा हा गवई सामान्य माणसाच्या ओठांवर रुळणारी चालही तितक्याच सहजतेने बांधत असे. ‘वंदे मातरम्’साठी हाच गुण कामी येणार होता.

बंकिमचंद्रांच्या १८८२च्या ‘आनंदमठ’ कादंबरीतील हे गीत. १८९६मध्ये कोलकात्याच्या काँग्रेस अधिवेशनात रवींद्रनाथांनी ते गायिले, पुढे विष्णु दिगंबर पलुस्करांनीही ते अधिवेशनांतून गाऊन देशभर नेले. परंतु प्रत्येक गायकाची चाल निराळी होती. मैफलीत हे वैविध्य वैभव ठरते. हजारो लोकांना एका सुरात उभे करायचे असेल, तर मात्र तेच अडचणीचे होते. शिवाय गीतात संस्कृतप्रचुर सामासिक शब्द आणि जोडाक्षरे. ती लयीत बसवताना श्वास कुठे घ्यायचा, हे नवशिक्या गळ्याला कळत नाही.

मास्तरांनी हे गीत झिंजोटी रागात बांधले. या रागाचा वावर मुख्यत्वे मंद्र आणि मध्य सप्तकात असतो. तार सप्तकातील अवघड चढाई त्यात अनिवार्य नाही. साहजिकच सर्वसाधारण स्त्री-पुरुषांच्या आवाजाला ती चाल पेलते. तान, मुरकी यांचा सोस त्यांनी समूहगीतात दूर ठेवला. आपल्या मैफलीतही ते हे गीत आवर्जून गात. मुंबई नभोवाणीवर एकदा त्यांनी ते गाण्यास आरंभ केला, तेव्हा प्रक्षेपण थांबवण्यात आले. स्वाभिमानी मास्तरांनी नभोवाणीवर बहिष्कार टाकला. कलावंताला नभोवाणीपासून दूर राहणे परवडणारे नव्हते. तरीही काळ पालटेपर्यंत ते आपल्या निर्णयावर ठाम राहिले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न अधिक व्यवहारी झाला. १९४७मध्ये न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी भारतीय शिष्टमंडळाकडे राष्ट्रगीताची मागणी झाली आणि वाद्यवृंदाने ‘जन गण मन’ वाजवले. ते परदेशी वादकांनाही भावले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी पंडित नेहरूंनी सभागृहात केलेल्या निवेदनात, ‘वंदे मातरम्’ची थोरवी मान्य करूनही, त्याची चाल वाद्यवृंदाला व लष्करी बँडला सोयीची नसल्याचा मुद्दा मांडला. मुद्दा निराधार नव्हता. आपले गाणे मींडेवर, एका स्वरातून दुसऱ्यात घरंगळत जाण्यावर उभे असते. पितळी वाद्यांना ठाशीव स्वर आणि ठरलेले ठेके लागतात. संचलनात पावले पडायची, तर लय डगमगून चालत नाही.

वादविवादात न पडता मास्तरांनी याचे उत्तर संगीतातूनच द्यायचे ठरवले. पाश्चात्त्य बँडच्या जाणकारांचे साहाय्य घेऊन त्यांनी आपल्या चालीची बँडसाठी स्वरलिपी सिद्ध केली. समूहाने गाण्याची, बँडवर वाजवण्याची अशी रूपे तयार करून ती दिल्लीत नेत्यांसमोर सादर केली. वेळ आणि पैसा दोन्ही वेचले. हे गीत सर्वांना एकत्र गाता येते, हे त्यांना सिद्ध करायचे होते.

निर्णय मात्र वेगळा झाला. गीताच्या काही कडव्यांतील देवीरूपाच्या उल्लेखांना मुस्लिम समाजातून आक्षेप होता, आणि त्यामुळे १९३७मध्येच काँग्रेसने पहिली दोन कडवीच गाण्याचे ठरवले होते. हा पेच कोणत्याही चालीने सुटणारा नव्हता. २४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी संविधान सभेत ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असल्याचे जाहीर केले आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान दिला. मास्तरांचा आग्रह अर्धाच फळाला आला.

पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इच्छेवरून त्यांनी बुद्धवंदना स्वरबद्ध केली. तेथेही प्रश्न समूहाच्या गळ्याचाच होता. १९७१मध्ये ‘पद्मभूषण’ने त्यांचा गौरव झाला. २० ऑक्टोबर १९७४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

‘जन गण मन’ची अधिकृत लांबी सुमारे ५२ सेकंद आहे. एवढ्या अल्प वेळातही आपला सूर आणि लय सुटते. पट्टी फार वरची धरली जाते, सुरुवात कोणी करायची हे ठरलेले नसते आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकण्याची सवय नसते. मोठ्या समूहाला झेपणारी पट्टी, मोजका विस्तार आणि स्थिर लय हे मास्तरांनी जाणलेले सूत्र शाळांतील संगीतशिक्षकांनी मनावर घेतले, तर प्रजासत्ताकदिनाची सकाळ अधिक सुरेल होईल. मास्तरांचे स्मरण त्याहून चांगल्या रीतीने कसे करणार?