दुःखाच्या अरण्यातून : अडोनिराम जडसन

सन १८१२ च्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील सेलम गावी पाच तरुणांस मिशनरी सेवेची दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे पुढील वर्षी मुंबईस आले व त्यांनी मराठी मिशनाचा पाया घातला. त्याच पाचांतील अडोनिराम जडसन ह्यांचे चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या आईबापांपुढे ठेवीत आहोत.

जडसनसाहेबांचा जन्म १७८८ साली मॅसेच्युसेट्स प्रांतात झाला. १८१३ साली ते पत्नी अॅनबाई ह्यांसह ब्रह्मदेशात रंगून येथे उतरले. पहिल्या ब्रह्मी मनुष्यास बाप्तिस्मा देण्याचा योग येण्यास सहा वर्षे लागली. पुढे १८२४ साली इंग्रज व ब्रह्मी राजा ह्यांत युद्ध जुंपले आणि हेर असल्याच्या संशयावरून साहेबांस कैदेत टाकण्यात आले. सतरा महिने त्यांच्या पायांत बेड्या होत्या. अॅनबाईंनी तान्हे मूल कडेवर घेऊन अधिकाऱ्यांची दारे झिजविली, तुरुंगात अन्न पोहोचविले, आणि नव्या कराराच्या भाषांतराचे हस्तलिखित एका उशीत शिवून वाचविले.

साहेब सुटले, परंतु खरी काळरात्र पुढेच होती. १८२६ च्या ऑक्टोबरात ते कामानिमित्त दूर असताना अॅनबाई तापाने वारल्या. सहाच महिन्यांनी दोन वर्षांची मारियाही गेली. मागोमाग वडिलांच्या मृत्यूची वार्ता आली. तुरुंगात न खचलेला हा पुरुष आता मनाने पार खचला. त्यांनी मानाची पदवी टाकली, माणसांचा सहवास सोडला, रानाच्या कडेस झोपडी बांधली, आणि स्वतःसाठी कबर खणून तिच्या काठी ते बसून राहू लागले. देव आहे ह्याविषयी त्यांस शंका नव्हती. परंतु तो आपणांस सापडत नाही, ह्या विचाराने त्यांचे अंतःकरण पोळत होते.

ते एकदा वाघांच्या भयाचे असे रान गाठून एकांतात बसण्यास गेले. चरित्रकार सांगतात की, एका ब्रह्मी शिष्याने गुपचूप त्यांच्या मागे जाऊन तेथे बसण्यास बांबूचे आसन केले व वर फांद्यांचे छप्पर घातले. त्याने गुरूस उपदेश केला नाही. ऊन लागू नये एवढेच पाहिले. आम्हांस हा प्रसंग मोठा बोधप्रद वाटतो.

साहेबांचे दुःख एका दिवसात सरले नाही. प्रार्थना रुक्ष वाटली तरी त्यांनी ती सोडली नाही, व मन लागो न लागो, भाषांतराचे पान पुढे सरकत राहिले. १८३० साली ते पुन्हा लोकांत गेले. पुढील वर्षी रंगूनच्या मोठ्या यात्रेत लोक आपण होऊन पुस्तिका मागण्यास आले, आणि मागणाऱ्यांनाच देऊनही सुमारे १०,००० पुस्तिका वाटल्या गेल्या. ३१ जानेवारी १८३४ रोजी संपूर्ण पवित्र शास्त्राचे ब्रह्मी भाषांतर पुरे झाले. पुढेही त्यांच्या वाट्यास मृत्यू आले. परंतु त्या कबरेकाठी ते परत गेले नाहीत. १८५० साली समुद्रप्रवासात त्यांचे देहावसान झाले व सागरातच त्यांस मूठमाती मिळाली.

प्रिय विद्यार्थ्यांनो, ज्याच्या घरी शोक आहे अथवा ज्याचे मन कारणावाचून काळवंडले आहे, त्याने आपली श्रद्धा खोटी आहे असे समजू नये. स्वतः प्रभू येशूही लाजाराच्या कबरेपाशी रडला. मनातील भार आईबापांस, शिक्षकांस अथवा वैद्यास मोकळेपणाने सांगावा. आणि आईबापहो, खिन्न मुलास रागावून हसविता येत नाही. त्या ब्रह्मी शिष्याप्रमाणे त्याच्याजवळ जाऊन सावली धरावी लागते. आशेचा उदय पुष्कळदा अशाच सावलीत होतो. देव दिसेनासा झाला तरी तो सोडून जात नाही, हेच आम्हांस ह्या चरित्राचे सार वाटते.