वृद्धसेविका झान ज्युगाँ

वृद्धांना शेवटच्या श्वासापर्यंत एकाच छपराखाली सोबत देणारी सेवा आज अनेक देशांत रुजली आहे. या सेवेला एका संघटित व्रताचे रूप ज्यांच्यामुळे आले, त्या झान ज्युगाँ या फ्रेंच महिलेचे चरित्र आपल्या वाचकांना फारसे परिचित नसावे. आपल्या परंपरेत वैयावृत्त्याची गणना आभ्यंतर तपांत केली आहे. म्हणून भिन्न धर्मातील या सेविकेची ओळख येथे करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही.

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कांकाल या कोळ्यांच्या गावी २५ ऑक्टोबर १७९२ रोजी झान यांचा जन्म झाला. राज्यक्रांतीचा तो धामधुमीचा काळ होता. झान जेमतेम चार वर्षांच्या होत असताना मासेमारीसाठी गेलेले वडील समुद्रावरून परतलेच नाहीत. मोलमजुरी करून आईने मुलांना वाढविले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास झान एका सरदार घराण्यातील बाईंकडे स्वयंपाकघरात कामाला लागल्या. एका खलाशाने विवाहाची मागणी घातली, ती त्यांनी नम्रपणे नाकारली.

१८१७ मध्ये त्यांनी घर सोडले आणि जवळच्या सँ-सेर्व्हाँ या बंदराच्या गावी रुग्णालयात सेविकेचे काम स्वीकारले. सुमारे सहा वर्षांच्या अतिश्रमाने प्रकृती ढासळली. पुढे लकॉक नावाच्या प्रौढ अविवाहित बाईंकडे त्या बारा वर्षे राहिल्या. नात्याने चाकर असल्या तरी प्रत्यक्षात त्या मैत्रीण व परिचारिकाच होत्या. १८३५ मध्ये लकॉकबाईंचे निधन झाले, तोपर्यंत झान त्यांच्या उशाशी होत्या. पुढे जे घडले त्याचे शिक्षण या घरात झाले, असे आम्हांस वाटते.

त्या काळी सँ-सेर्व्हाँमध्ये समुद्रात बुडालेल्या खलाशांच्या विधवा व निराधार वृद्ध यांची संख्या मोठी होती. क्रांतीच्या काळात धर्मसंस्थांची मालमत्ता जप्त झाल्यामुळे आश्रय देणारी जुनी घरे नाहीशी झाली होती. म्हाताऱ्या बायका दारोदार भीक मागत. झान आता फ्राँस्वाझ ओबेर या वृद्धेसह व व्हर्जिनी नावाच्या एका अनाथ तरुणीसह भाड्याच्या दोन खोल्यांत राहत आणि लोकांची धुणी-शिवणकामे करून पोट भरीत.

१८३९ च्या हिवाळ्यात ॲन शोव्हँ या आंधळ्या व अर्धांगाने अधू झालेल्या वृद्धेला सांभाळणारे कोणी उरले नाही. झान यांनी तिला उचलून घरी आणले, आपला बिछाना तिला दिला आणि स्वतः माळ्यावर झोपू लागल्या. त्या वेळी त्यांचे वय सत्तेचाळीस होते. लवकरच दुसरी वृद्धा आली. तिची कथा विलक्षण आहे. ती मोलकरीण होती. मालक कंगाल झाल्यावर तिने त्यांना आपल्या बचतीतून जगविले, बचत संपल्यावर त्यांच्यासाठी भीक मागितली, आणि ते गेल्यावर स्वतः निराधार झाली.

१८४१ मध्ये बारा वृद्धांसाठी मोठी जागा भाड्याने घेतली. १८४२ मध्ये एक जुना मठ विकत घेतला, तेथे चाळीस जणांची सोय झाली. वृद्धांनी भीक मागू नये म्हणून त्यांच्याऐवजी झान स्वतः टोपली घेऊन फिरू लागल्या. पाव, बटाटे, उरलेसुरले अन्न, जीर्ण कापड असे जे मिळेल ते त्या आणीत. एका गृहस्थाने चिडून त्यांना थप्पड मारली, तेव्हा ती आपल्या वाट्याची समजून त्यांनी वृद्धांसाठी शांतपणे पुन्हा हात पुढे केला, असे सांगतात.

१८४३ च्या डिसेंबरात सहकारी भगिनींनी झान यांना पुन्हा प्रमुख निवडले. मात्र दोनच आठवड्यांत ल पाय्यर या धर्मगुरूंनी ती निवड रद्द केली व मारी जामे या तेवीस वर्षांच्या भगिनीस प्रमुखपद दिले. झान यांनी वाद घातला नाही. टोपली उचलली आणि त्या पुन्हा निधी मिळवावयास निघाल्या. १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने त्यांना माँतियाँ पारितोषिक दिले. त्याचा छापील अहवाल त्या शिफारसपत्रासारखा सोबत बाळगीत. रेन, दिनाँ, तूर, आँजे अशा शहरांत घरे उभी राहत गेली, त्यांतील कित्येक त्यांच्याच पायपिटीतून.

१८५२ मध्ये मात्र त्यांना मुख्य मठात बोलावून घेण्यात आले. दात्यांशी संबंध तोडण्याची आज्ञा झाली. पुढची सत्तावीस वर्षे, बहुतेक सँ-पेर्न येथील मठात, त्या एक साधी वृद्ध भगिनी म्हणून राहिल्या. नवदीक्षित मुलींना शिकविले जाई की संस्थेचे जनक ल पाय्यर आणि पहिल्या भगिनी इतर दोघी. झान तिसऱ्या. ज्यांच्यासोबत त्या मुली रोज बागेत फिरत, त्याच संस्थापिका आहेत, हे त्यांना ठाऊक नव्हते.

या काळातील एकच प्रसंग कारभाराशी निगडित आहे. १८६५ मध्ये संस्थेला नियमित व्याज देणारी मोठी ठेव स्वीकारावी काय, असा प्रश्न उभा राहिला. सल्ल्यासाठी झान यांना बोलाविण्यात आले. ठरावीक उत्पन्न नको, रोज लोकांच्या दारी जाऊनच वृद्धांचे पोषण व्हावे, असे त्यांचे मत पडले व तेच मान्य झाले. न्यासाचा कारभार पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा निर्णय धाडसी, कदाचित अव्यवहारीही वाटेल. संस्थेने मात्र तो पाळला.

२९ ऑगस्ट १८७९ रोजी शहाऐंशीव्या वर्षी झान यांचे निधन झाले. त्या वेळी 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या संस्थेत सुमारे २,४०० भगिनी होत्या. १८९० मध्ये रोमहून चौकशी झाली आणि ल पाय्यर यांना पदावरून दूर करण्यात आले. मारी जामे यांनी आयुष्याच्या अखेरीस, आपण पहिल्या नव्हतो, तसे वागण्यास आपणास सांगितले गेले होते, अशी कबुली दिली. ११ ऑक्टोबर २००९ रोजी झान यांना संतपद देण्यात आले.

भारतात या भगिनी १८८२ मध्ये कोलकात्यास आल्या. मुंबईतही अंधेरी पूर्वेला महाकाली गुंफांच्या रस्त्यावर त्यांचे वृद्धालय आहे. भगिनी तेथेच वृद्धांसमवेत राहतात. कोणी अखेरच्या घटका मोजू लागले, की रात्रंदिवस पाळीपाळीने त्याच्या उशाशी बसावे, असा या संस्थेचा प्रघात आहे. खोलीत दिवा असतो, आणि एक भगिनी त्या व्यक्तीचा हात हातात घेऊन बसलेली असते.