वसईचे रक्तसाक्षी गोंसालो गार्सिया

पालघर, बोईसर व तारापूर ह्या बाजूच्या मंडळ्यांस वसईचा किल्ला काही दूर नाही. त्यात भिंती उभ्या पण छप्पर नाही अशी पुष्कळ ख्रिस्तमंदिरे आहेत. मात्र एकावर पुन्हा छप्पर चढविलेले असून तेथे उपासना होते. ज्यांचे नाव त्यास आहे त्या गोंसालो गार्सियांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देतो.

त्यांचा जन्म इ. स. १५५७ च्या सुमारास वसईस झाला. पिता पोर्तुगीज शिपाई, माता ह्याच कोकणची. किल्ल्यातील जेझुइट गुरूंनी त्यांस शिकविले व कोवळ्या वयातच जपानास नेले. तेथली भाषा त्यांस उत्तम अवगत झाली. आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. परंतु संघात घ्यावे ही त्यांची विनंती मान्य झाली नाही. तेव्हा ते व्यापारात पडले व त्यात त्यांची भरभराट झाली. तरी मन रमेना. मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांस साधा बंधू म्हणून घेतले, आणि १५९३ साली ते पेद्रो बाप्तिस्ता ह्यांचे दुभाषी होऊन जपानास परतले. पुढे राज्यकर्ता हिदेयोशी ह्याचा रोष झाला. क्योतो शहरी त्यांच्या कानाचा भाग कापून, भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत त्यांस नागासाकीस नेले. ता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे २६ जणांस वधस्तंभावर दिले, त्यांत हे वसईकर होते. १८६२ साली रोमन मंडळीने त्यांस संतपद दिले.

इकडे १७३९ साली मराठ्यांनी प्रथम तारापूर व मग वसई घेतली. किल्ल्यातील मंदिरे ओस पडली. दगडी भिंती टिकल्या, छप्परे गेली. कौल फुटले की पाणी वाशात मुरते, वासे कुजले की तुळई खचते, आणि पाहणारा नसला म्हणजे सगळा सांगाडा खाली येतो. परंतु वसईच्या लोकांनी आपल्या रक्तसाक्ष्याचे नाव टाकले नाही. आजही त्याचा सण किल्ल्यात होतो.

प्रिय वाचकहो, आमचा पंथ त्यांच्याहून निराळा आहे. तरी नाकारले गेल्यावरही ज्याने हलके काम पत्करून शेवट गाठला, त्याजपासून आपण शिकावे. मंदिराची शाकारणी हेही मानमरातबाचे काम नव्हे. मृग लागण्यापूर्वी पंचांनी शिडी लावून वर पाहावे, कौले चाळावी व कुजका वासा ह्याच वर्षी बदलावा.