कारखाना बुडाला, कोल्ट नाही

वेस्टर्न पिक्चरमधलं रिव्हॉल्व्हर आठवतंय ना? त्याच्यामागचं डोकं सॅम्युअल कोल्टचं. जन्म १८१४, अमेरिकेतलं हार्टफर्ड. सोळाव्या वर्षी पठ्ठ्या कलकत्त्याच्या जहाजावर चढला आणि प्रवासात रिव्हॉल्व्हरचं लाकडी मॉडेल कोरलं. पुढे पैशांसाठी ‘डॉक्टर’ बनून गावोगावी लाफिंग गॅसचे शो केले!

१८३६ मध्ये पेटंट मिळालं, पॅटरसनला कारखाना निघाला. पण पुरेसं गिऱ्हाईकच मिळेना. १८४२ मध्ये टाळं लागलं. वय? तिशीच्या आत.

१८४७ मध्ये कॅप्टन वॉकरमुळे सैन्याची १००० नगांची ऑर्डर आली. स्वतःचा कारखाना नव्हता, तरी हा ‘हो’ म्हणाला आणि व्हिटनीच्या कारखान्यातून माल करून घेतला. १८६२ मध्ये, ४७ व्या वर्षी गेला तेव्हा गडगंज होता.

आज इटलीत त्याच्या मॉडेल्सच्या प्रतिकृती बनतात. हौशी नेमबाज त्या विकत घेतात, प्रत्येक खान्यात काळी दारू आणि शिशाची गोळी ठासतात. सगळे बार संपले की पुन्हा पहिल्यापासून!

एक केटी लागली म्हणून खचलायस? कोल्टची जिद्द जरूर घे. फक्त त्याचा माल माणसं मारायला विकला गेला, हेही लक्षात ठेव.