शंभरी गाठणारी पावले

वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतला किंवा भुसावळच्या रेल्वेतला कर्मचारी साठीला निवृत्त होतो. हार, शाल, पेढे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्ची आणि टीव्ही. मग गुडघे, साखर, रक्तदाब यांच्या तक्रारी एकदम सुरू झाल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांची सुरुवात पंधरा-वीस वर्षे आधीच झालेली असते. म्हातारपण चाळिशीतच घडत असते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे १०४ वर्षांचे आयुष्य या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

१८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात जन्मलेले धोंडोपंत मुरुडला वाढले. अंगकाठी लहान, स्वभाव कमालीचा लाजाळू. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते सह्याद्री ओलांडून, शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवत साताऱ्याला गेले. तिथे वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. ते परतले आणि पुढच्या वर्षी कोल्हापूरहून तीच परीक्षा उत्तीर्ण झाले.

१८९१ मध्ये पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी ते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आईच्या घरी उतरणेही अवघड झाले. असा ताण महिनोन्‌महिने राहिला, तर शरीरातील ताणाची संप्रेरके चढी राहतात. झोप उडते, रक्तदाब आणि साखर वाढते. कर्व्यांनी हा ताण भांडणात किंवा कुढण्यात घालवला नाही. त्यांनी त्याला काम दिले. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला.

त्यांच्या तब्येतीची पायाभरणी इथे दिसते. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि मग हिंगण्याची वाट धरायची. अंतर सुमारे सहा किलोमीटर, म्हणजे वरणगावहून भुसावळच्या साधारण अर्ध्या वाटेइतके. रस्ता कच्चा, पावसाळ्यात चिखल. वय बेचाळीस. हा व्यायाम म्हणून केलेला व्यायाम नव्हता, त्यामुळे कंटाळा आला म्हणून तो सुटण्याचा प्रश्नच नव्हता. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर वापरतात, रक्तवाहिन्या लवचिक राहतात, हाडांवर भार पडून ती टिकतात आणि मनही हलके होते. जोडीला साधे, मोजके जेवण होते.

१९१४ मध्ये ते कॉलेजातून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. १९२९ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, त्यासाठी युरोप, अमेरिका आणि जपानचा दौरा केला. पाठोपाठ आफ्रिकेचा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ स्थापले. शहाऐंशीव्या वर्षी समता संघ काढला. निवृत्ती ही त्यांच्यासाठी फक्त नोकरीपुरती होती.

दुःख त्यांनाही चुकले नाही. १९५० मध्ये गोदूबाई, म्हणजे आनंदीबाई, गेल्या. १९५३ मध्ये थोरला मुलगा रघुनाथ गेला. तेव्हा वडील पंचाण्णव वर्षांचे होते. शंभराव्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

रोज चालणारा प्रत्येक माणूस शंभरी गाठतो, असा याचा अर्थ नाही. अनुवंश, नशीब, वेळेवर मिळणारे उपचार यांचाही वाटा असतो. किती वर्षे जगायचे ते हातात नसले, तरी ती अंथरुणात जातात की पायांवर, यावर आजच्या सवयींचा मोठा परिणाम होतो.

त्यासाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. खानदेशच्या उन्हाळ्यात उन्हे चढण्याआधीच फिरून यावे. आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताकद देणारे काम करावे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे-बसणे ही चांगली सुरुवात आहे. तंबाखू, गुटखा, मिश्री सोडावी. तिशीनंतर रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. छातीत दुखणे किंवा चालताना धाप लागणे असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे.

आणि साठीनंतर रोज सकाळी कशासाठी उठायचे, ते काम पन्नाशीतच शोधून ठेवावे. शाळेतल्या मुलांना गणित शिकवणे, वाचनालय सांभाळणे, शेताची वाट पुन्हा धरणे, काहीही चालेल. ज्याला कुठेतरी पोहोचायचे असते, त्याचे पाय चालते राहतात.