नारायण वामन टिळक : हाक आणि घर



दर तीन वर्षांनी उपवासकाळाच्या दुसऱ्या रविवारी पहिल्या वाचनात आब्राहाम आपल्या लाडक्या मुलाला घेऊन मोरियाच्या डोंगराकडे निघालेला आपण ऐकतो. मिस्सा संपली की कुणीतरी, बहुधा एखादी आई, आम्हाला दाराशी गाठते आणि विचारते, की फादर, देव असे कसे सांगू शकतो? असे विचारणे ही अश्रद्धा नव्हे. मोठमोठे तत्त्वज्ञ याच डोंगराच्या पायथ्याशी थबकले आहेत. कांटचे मत असे, की मुलाला मारू नये हे आब्राहामाला पक्के ठाऊक होते, पण कानी आलेला आवाज देवाचाच आहे हे तितके पक्के नव्हते. डेन्मार्कच्या कीर्केगार्दने १८४३ साली या एकाच प्रसंगावर अख्खा ग्रंथ लिहिला. आम्ही आज तो वाद मांडत नाही. आपल्या नागपूरहून गाडीत बसलेल्या एका माणसाचे चरित्र सांगतो.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. आई लवकर गेली. नाशिकला त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका, म्हणजेच पुढे मराठी वाचकांच्या लाडक्या झालेल्या लक्ष्मीबाई, लहान वयातच त्यांची पत्नी झाली. टिळकांच्या पायाला भिंगरी होती. कीर्तन, कविता, मास्तरकी असे करीत ते नागपूरला आले. येथील धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी काम केले आणि ‘ऋषी’ नावाचे मासिकही चालविले. जातिभेद मोडल्याशिवाय देश उभा राहणार नाही, या विचाराने त्यांना तेव्हाच झपाटले होते.

१८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला निघाले. आजही आपल्या स्टेशनवरून गोंदियामार्गे त्या बाजूला गाड्या जातात. डब्यात एका युरोपीय प्रवाशाशी गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले.  टिळकांनी पुस्तक उघडले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

येथवरची हकिकत अनेकांना पाठ आहे. आता तिची दुसरी बाजू.

त्या दिवशी लक्ष्मीबाई दूर, नातलगांत होत्या. त्या काळी ब्राह्मण घरातील बाईचा नवरा ख्रिस्ती झाला, म्हणजे तो जिवंत असून नसल्यासारखा. त्याच्या हातचे पाणी चालत नाही, आणि त्याच्याशिवाय समाजात तिला जागाही नाही. त्या दुःखाने खचल्या. बहिणीच्या घरी पंढरपूरला लहानग्या दत्तूला उराशी धरून त्यांनी दिवस काढले. त्यांनी कुठलीही हाक ऐकली नव्हती, तरी हाकेची किंमत त्या मोजत होत्या.

बंधूभगिनींनो, उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायात सारेचे नावही नाही. आब्राहामाने तिला काही सांगितले का, हे आपल्याला माहीत नाही. पुढच्याच अध्यायात तिच्या मृत्यूची वार्ता येते. टिळकांच्या घरातील सारा मात्र बोलली. तिने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, आणि म्हणून टिळकांच्या आज्ञापालनाकडे आपल्याला नुसत्या कौतुकाने पाहता येत नाही. पती तापट होता, लहरी होता, घरात दाणा नसताना दान करणारा होता, हे सारे तिने हसत हसत लिहून ठेवले आहे.

मग टिळक चुकले का? आपल्यावर अधिक कुणावर प्रीती करू नका, असे प्रभू येशू सांगतो, तेव्हा ते ऐकणाऱ्याला कठोर वाटतेच. पण तोच धर्म पौलाच्या तोंडून हेही सांगतो, की जोडीदार विश्वास ठेवीत नसला तरी नांदायला राजी असेल, तर त्याला सोडू नये. टिळकांनी या दोन्ही आज्ञा एकत्र धरल्या. धर्मांतरामुळे जोडीदाराने साथ सोडल्यास विवाह मोडून घेण्याची मुभा १८६६ च्या कायद्याने त्यांना होती. ती त्यांनी वापरली नाही. ते पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले. अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला त्यांच्याकडे आल्या, त्या हिंदू म्हणूनच, आपले सोवळेओवळे बरोबर घेऊन. टिळकांनी तेही घरात चालू दिले. पुढे राहुरीला असताना, जातिभेद देवाने केलेला नसून माणसांचा आहे, असे त्यांचे त्यांनाच उमगले. १९०० साली, पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी, त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला.

टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ आरंभिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते देवाघरी गेले. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी. ज्या हाकेने एकदा त्यांचे घर मोडले होते, तिचे गाणे त्यांनीच शेवटास नेले. टिळक आपल्या कॅथलिक पंथाचे नव्हते. पण मराठी ख्रिस्ती माणूस त्यांची भजने गाताना पंथ विचारत नाही.

आम्हाला या चरित्रातून एक कसोटी सापडते. देवाची आज्ञा म्हणून आपण काही करू लागतो, तेव्हा तिची किंमत कोण भरतो आहे, ते पाहावे. ती दुसऱ्याच्याच माथी पडत असेल, तर थांबून पुन्हा ऐकावे. आब्राहामानेही दुसऱ्यांदा ऐकले, म्हणून इसहाक वाचला. पहिली हाक ऐकणारे पुष्कळ असतात. सुरी हाती असताना दुसरी ऐकणारे थोडे. टिळकांच्या वाट्याला देवदूत आला नाही. त्यांना थांबायला शिकवले ते पाच वर्षांच्या प्रतीक्षेने.

आपल्या धर्मग्रामातही अशी घरे आहेत. कुठे मुलगी मठात जाऊ म्हणते आणि आई जेवत नाही. कुठे एकच जण रविवारी मिस्साला येतो आणि बाकीचे घर रुसून बसते. हाक ऐकणाऱ्याने घाबरू नये, पण घाईही करू नये. आणि घरी रडणाऱ्या माणसाला श्रद्धेचा शत्रू समजू नये. या आठवड्यात प्रार्थनेत आब्राहामाबरोबर सारेचेही नाव घेऊ या.

प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू