बादशहा जहांगीर आणि वाघ-शेळीचे सख्य

पारध्यांपासून जीव घेऊन पळालेल्या सशाला सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी जानूखाली आश्रय दिला, ती लीळा धर्मबंधूंस परिचित आहे. तो ससा पाळलेला नव्हता, लाडका नव्हता. केवळ शरण आला होता. या लीळेचे चिंतन करताना आम्हांस मोगल बादशहा जहांगीर याचे चरित्र स्मरते. प्राण्यांविषयी एवढी प्रीती आणि त्यांची एवढी हत्या एका पुरुषाच्या ठायी क्वचितच आढळेल.

१५६९ साली जन्मलेला सलीम १६०५ मध्ये जहांगीर या नावाने गादीवर आला. त्याच्या राजकारणाचा विस्तार येथे नको. हिवाळ्यात थंड पाण्याने हत्ती कुडकुडतात हे पाहून त्याने त्यांच्यासाठी पाणी कोमट करविले. सारसांच्या जोडीला लैला-मजनू अशी नावे देऊन ती अंडी कशी उबवितात हे तो बारकाईने टिपून ठेवी. मनसराज नावाचे आवडते हरिण मेले, तेव्हा लाहोरजवळ, आजच्या शेखुपुऱ्यास, त्याने त्याची समाधी बांधविली आणि त्या रानात हरणांची शिकार निषिद्ध केली. याच बादशहाने आपल्या मृगयेचा हिशेबही लिहविला. बाराव्या वर्षापासून पन्नाशीच्या सुमारापर्यंत त्याच्यासमक्ष २८,५३२ जीव मारले गेले, त्यांपैकी १७,१६७ त्याच्या स्वतःच्या हातून.

उत्तरायुष्यात त्याचा नातू दावरबक्ष याने त्याला एक वाघ नजर केला. (फारसीतील शेर हा शब्द सिंह व वाघ या दोहोंसही लावीत, आपण वाघच म्हणू.) हा वाघ एका शेळीसह एकाच पिंजऱ्यात प्रेमाने राही. बादशहाने ती शेळी काढून लपवविली, तेव्हा वाघ आक्रोश करू लागला. मग त्याच रंगाची, त्याच बांध्याची दुसरी शेळी आत सोडविली. वाघाने ती हुंगली आणि पाठ जबड्यात धरून मोडली. मेंढी सोडली, तीही फाडून खाल्ली. पहिली शेळी परत येताच मात्र तो उताणा पडला, तिला छातीवर घेऊन तिचे तोंड चाटू लागला. हे सर्व बादशहाने आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे.

ही हकीकत लोक स्नेहाचा दाखला म्हणून सांगतात. आम्हांस ती दुसरी शेळी विसरवत नाही. वाघाची प्रीती एका शेळीवर होती. ती ममता होय, दया नव्हे. वाघास दोष देता येत नाही, तो त्याचा स्वभाव. परंतु केवळ कुतूहलापोटी ती दुसरी शेळी आत सोडविणारा मनुष्य होता, मनसराजासाठी शोक करणारा मनुष्य होता.

त्याच्या मनास टोचणी नव्हती असे नाही. नातू शुजा आजारी पडला, तेव्हा स्वहस्ते कोणत्याही जीवास दुखविणार नाही, असा नियम त्याने ईश्वरासमक्ष केला. शुजा वाचला. काही वर्षे नियम पाळलाही. पुढे शुजाचा पिता खुर्रम याने बंड केले आणि बंदूक पुन्हा हाती आली. नातवाच्या ममतेने धरलेला नियम पुत्रावरील क्रोधाने सुटला.

१६२७ साली काश्मिरातून परतताना बैरामकल्ला येथे तो शिकारीस बसला. शरीर थकले होते. डोंगरावरून हरणे त्याच्या समोर हाकून आणीत. गोळी लागलेल्या एका हरणामागे धावलेला प्यादा कड्यावरून घसरून मरण पावला. बादशहाने त्याच्या मातेस बोलावून द्रव्य दिले. पण त्याच्या चित्तास पुन्हा स्वस्थता लाभली नाही. थोड्याच दिवसांत त्याच वाटेवर त्याचे निधन झाले. त्याचे दफन लाहोरजवळ शाहदऱ्यास आहे.